परसदारची बाई शोधू नका

मीनाताई, सरांच्या घरची बाकी सगळी मंडळी, आणि रविवारच्या यादीमुळे एकमेकांना ओळखू लागलेले आपण सगळे.

सरांच्या शोकसभेत बोलायला उभी राहिले आहे, पण मघापासून माझं लक्ष शब्दांकडे नाही. मी तुमच्या चेहऱ्यांकडे बघते आहे. एकेका बाईकडे. आणि खरं सांगा, तुम्हीही तेच करता आहात ना?

वानखेडे सर स्वतः लिहीत नसत. दर रविवारी सकाळी ते आपल्या ग्रुपवर दुसऱ्यांच्या ब्लॉगवरचे तीन लेख पाठवायचे. खाली एक ओळ, हे का वाचावं याची. रोहिणखेडच्या मशिदीतल्या दगडांबद्दल आपण तिथेच वाचलं. आपली बोली ऐकून पुण्यात लोक का हसतात, तेही तिथेच. माझे दोन लेख त्या यादीत आले, तेव्हा मी दिवसभर फोन हातातून ठेवला नव्हता. लेख पाठवण्याआधी सर लिहिणाऱ्याला फोन करायचे, आपली ओळ वाचून दाखवायचे आणि विचारायचे, पाठवू का? विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचं काही पाठवलं नाही.

'परसदार' हा ब्लॉग त्या यादीत सारखा यायचा. लिहिणारीचं नाव नसायचं. बायका घराच्या मागल्या दारी काय बोलतात, कशावर हसतात, कशाला रीत म्हणतात, असं त्यात असायचं. फार चांगलं असायचं. माझ्यापेक्षा चांगलं. मला संशय आला तो तिथूनच, हे आज कबूल करते. मला वाटलं, सर स्वतःच बाईच्या आडून लिहितात आणि स्वतःचीच तारीफ करतात.

मग मी एक खोटी गोष्ट रचली. सरांना एकट्यांना सांगितली. म्हटलं, माझी आत्या नव्या सुनेला पहिल्या दिवशी नाव घ्यायला लावायची नाही, तिला माहेरच्या विहिरीचं नाव विचारायची. अशी कोणतीही आत्या मला नाही. तीन आठवड्यांनी 'परसदार'वर ती विहीर आली. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, सर, दुसऱ्यांचं म्हणून स्वतःचंच पाठवता का? तुम्ही सगळ्यांनी ते वाचलं. काहींनी हसण्याची चित्रं टाकली. कोण ते मला आठवतं.

सरांनी एवढंच उत्तर दिलं, की परसदार मी लिहीत नाही. पुढच्या रविवारी त्या यादीत परसदार नव्हतं. त्यानंतर तो ब्लॉगच थांबला.

महिन्याभराने सर मला बुलढाण्याच्या बसस्टँडवर भेटले. सभेत शुद्ध बोलणारे सर तिथे घरच्यासारखं बोलले.

"काऊन वं, मले परखून पाह्यत होती तू?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुही ती विहिरीची गोष्ट मले लय आवडली. म्हणून म्या तिले फोनवर सांगतली. खोटी हाये, हे मले काय माहीत?"

मी विचारलं, तिला म्हणजे कोणाला?

"नाव नाही सांगत. घरी माहीत झालं तं फोन जाईन तिच्या हातातून. मंग लिहिणार कशावर थे?"

मी मान हलवली आणि निघाले. तुम्हाला काय वाटतं, माझा विश्वास बसला? नाही बसला. घरी जाताना मी विचार करत होते, की ही बाईसुद्धा सरांनीच रचली आहे.

सर गेले त्याच्या पाचव्या दिवशी परसदारवर नवीन मजकूर आला. सरांच्या घरी भेटायला गेल्याचा. तो वाचतानाही माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की हे आधीच लिहून, तारीख लावून ठेवता येतं. मग ती ओळ आली. एक बाई बराच वेळ दारात उभी होती, चप्पल काढत होती, पुन्हा घालत होती, आत काही आली नाही.

ती मी. आणि मला बघणारी कुणीतरी त्या घरात बसलेली होती.

तेव्हापासून आपल्या ग्रुपवर काय चाललं आहे, ते मीनाताईंनाही माहीत आहे. त्या दिवशी भेटायला कोण कोण आलं होतं? देऊळघाटची ती मास्तरीण असेल. नाही, जानेफळची ती सून. त्या दिवसाचे फोटो काढून त्यांतल्या बायकांभोवती गोल करून झाले. ही सवय लावली मी. म्हणून आज आठवणी सांगण्याऐवजी हे सांगते आहे. शोधू नका. घरी गेल्यावर आपल्या बायकोचा, सुनेचा फोन चाळू नका. सरांनी बोलणी खाल्ली, पण नाव दिलं नाही. माझ्यासमोर दिलं असतं, तर त्यांची बाजू एका मिनिटात खरी ठरली असती.

आणि बाई, तुम्ही इथे असाल तर. ती विहीर मी रचलेली होती. तुम्ही तिच्यावर लिहिलंत, ते मी अजून वाचते. विचारायला तुमचा नंबर माझ्याकडे नाही, म्हणून इथूनच विचारते. लिहाल का?

आता दोन मिनिटं उभे राहू या. एक विनंती आहे. मान खाली घाला आणि डोळे मिटून घ्या. कुणाला रडू आलं, तर ते कुणाचं आहे हे बघायला मान वर करू नका. मीही करणार नाही.