जमिनीचा थर्मामीटर आणि पहिल्या रांगेतली खुर्ची

...आणि खुर्ची पहिल्या रांगेतली, बरं का! खुर्चीबद्दल माझी तक्रारच नाही, खुर्ची मऊ होती, इतकी मऊ की आत गेलेला माणूस चहाच्या सुट्टीशिवाय वर येत नव्हता. पण मला सांगा, माणसाला विमानात कोंबून, दोन दिवस फिरवून, गळ्यात बिल्ला अडकवून पुढे बसवायचं आणि त्याची बोलायची पाळी आली की म्हणायचं, वेळ संपली? याला काय म्हणतात? ते म्हणतात, प्रतिनिधित्व बळकट झालं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी करतो काय, तर जमिनीचा ताप बघतो. हसू नका! आमच्या केंद्राच्या अंगणात एक मीटर खोल नळी पुरलीय, तिच्यात साखळीला बांधलेला थर्मामीटर. रोज सकाळी आठला तो वर ओढायचा, वाचायचा, वहीत लिहायचा, सही ठोकायची, परत खाली सोडायचा. काल एकोणीस पूर्णांक चार, आज एकोणीस पूर्णांक चार, उद्या... बघा, तुम्हालाही जमायला लागलं! बावीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. जगभरच्या अशा केंद्रांचं एक मोठं जाळं आहे आणि आमच्या सबंध प्रदेशातून त्यात केंद्र एकच, आमचं. नियम कडक. केंद्रामागे नोंदवणारा एक, सही त्याचीच, आणि सलग तीन दिवस नोंद नसली की केंद्र बाद.

तुम्ही म्हणाल, मग आजारी नाही पडलात कधी? पडलो ना! मला विषमज्वर झाला, आई गेली, मेहुणीचं लग्न झालं, ते मोडलं, पुन्हा झालं... थर्मामीटर कोण ओढत होतं? बायको! आणि सही? माझीच, तिच्या हातची. तुम्हाला सांगतो, माझी सही माझ्यापेक्षा तिलाच चांगली येते. पण आकडा तिने एकदाही मनाचा टाकला नाही. तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा स्वतःचा ताप न बघता आधी जमिनीचा बघून आली. फक्त अधूनमधून म्हणायची, "अहो, वाकून वाकून कंबर गेली माझी, एकदा तरी माझं नाव लावा की त्या कागदावर!" आता फॉर्मवर रकानाच एक, मी कुठे लावू?

तर बोलावणं आलं. साहेब नाचतच आले, "अरे, आंतरराष्ट्रीय परिषद! विषय काय, तर वैज्ञानिक सहकार्यात मागे राहिलेल्या प्रदेशांचं प्रतिनिधित्व! आणि आपल्या प्रदेशात तू एकटाच आहेस!" मी म्हटलं, साहेब, मी एकटाच आहे तर मी गेल्यावर प्रदेशात कोण राहील? साहेब म्हणाले, "बघू रे!" साहेबांचं हे 'बघू रे' मी बावीस वर्षं ऐकतोय, अजून त्यांनी काही बघितलेलं नाही.

मला पाच मिनिटं दिली होती, पाच! मागणं एकच, केंद्रामागे दोन नावं नोंदवू द्या. बस्स. बायकोपुढे सात वेळा म्हणून दाखवलं, ती घड्याळ धरून उभी, साडेचार मिनिटांत बसवलं. आणि तिथे? अध्यक्षबाई उठल्या, "प्रदेशांचा आवाज ऐकला गेलाच पाहिजे!" यावर बाई पन्नास मिनिटं. मग एक गृहस्थ, विषय : प्रदेशांना बोलायला वेळ का मिळत नाही. चाळीस मिनिटं! मग फोटो. माझ्या पाचाची झाली तीन, तिनाचं झालं एक, मग बाई माझ्याकडे वाकून इतक्या मायेने म्हणाल्या, "आपण लेखीच द्या हं. आपण आलात, हेच आमच्यासाठी फार मोठं आहे." टाळ्या! ठराव एकमताने मंजूर! राग आला का म्हणता? नाही आला. काहीच आलं नाही. खाली बघितलं तर माझेच हात टाळ्या वाजवत होते. प्रतिनिधित्व बळकट झालं!

घरी आलो. बायको दारातच, "सांगितलंत?" म्हटलं, लेखी मागितलंय. ती तशीच आत जाऊन वही घेऊन आली. सात दिवसांच्या सात नोंदी, वेळ सकाळी आठ म्हणजे आठ, अक्षर मोत्यासारखं, आणि खाली सही... तिची! स्वतःच्या पूर्ण नावाची!

"अगं, हे काय केलंस?"

"मग काय करू? तुमचा फोटो लावलाय त्यांनी, पहिल्या रांगेत, तारखेसकट. रोज त्यांच्या इंटरनेटच्या पानावर दिसताय. माणूस तिकडे बसलेला आणि सही इकडे? कोण मानेल?" मग म्हणाली, "आणि म्हटलं, तुम्ही सांगून येणारच आहात की."

नोंदी तशाच पाठवून दिल्या.

महिन्याभराने पत्र. सात नोंदी अनधिकृत व्यक्तीच्या, सबब मालिका खंडित, सबब केंद्र बाद. ठीक. बावीस वर्षं दोन सबबींत. साहेबांना दाखवलं, साहेब म्हणाले... जाऊ दे, तुम्हाला माहीतच आहे साहेब काय म्हणतात. आता सकाळी आठला आम्ही दोघं घड्याळाकडे बघतो आणि चहा पितो. चहा गरम आहे की गार, तेही कळत नाही.

पण पत्राला दुसरं पान होतं हो! तुमच्या प्रदेशातून जाळ्यात आता एकही केंद्र उरलेलं नाही, ही बाब समितीला अत्यंत चिंताजनक वाटते, त्यासाठी खास उपसमिती नेमली आहे, त्या प्रदेशाचे अनुभवी प्रतिनिधी म्हणून आपण अवश्य यावं, तिकीट सोबत जोडलं आहे. म्हणजे प्रतिनिधित्व आणखी बळकट!

बायकोला सगळं वाचून दाखवलं. दोन्ही पानं. मग विचारलं, काय करू, जाऊ?

कप विसळता विसळता म्हणाली, "जा की. आता तुमच्यावाचून इथं काही अडत नाही."