गादीची की घरची?

हॅलो?… हो, मीच. बोल ताई… हो, हो, आत्ताच आले कोर्टातून. शटर अर्धंच वर केलंय अजून…

नाही, हरले नाही. जिंकले असंही नाही… अगं ऐक ना, सगळं सांगते.

राजघराण्याचा वकील तासभर बोलला. आमची नऊ दुकानं आणि मागची फळबाग, सगळी जमीन महाराजांच्या खासगी मालकीची. म्हणून वाटेल तेव्हा आम्हाला काढता येतं. मग न्यायाधीश बाईंनी मला विचारलं, लाँड्रीवाल्या बाई, तुम्हाला काही म्हणायचंय का… घाबरले ना. पण कागद काढून टेबलावर ठेवला.

तोच गं, करखात्यातली नक्कल. चार खेपा घातल्या त्यासाठी. त्यात त्याच जमिनीपुढे लिहिलंय, गादीची जमीन, उत्पन्न नाही, कर माफ… बरोबर. मी वकिलाला एवढंच विचारलं, "साहेब, ही जमीन गादीची की घरची? घरची असेल तर माझ्यासारखा कर भरा. गादीची असेल तर घरच्यासारखं आम्हाला हाकलू नका."

काय म्हणणार? म्हणाला, दोन्ही… हो, दोन्ही. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, एक काय ते सोमवारी लेखी द्या, तोवर दुकानांना कोणी हात लावायचा नाही. मग तो म्हणाला, गादीचीच धरा, बागेतली फळं इस्पितळाला फुकट जातात, कमाई काहीच नाही…

हॅलो? ताई?… रडतेस का?… कोणी बोलावलं भावोजींना?… महालाच्या कारभाऱ्याने. काय म्हणाला?… मेहुणीला आवरा, नाहीतर माळीकाम सोडा. असं तोंडावर?…

हो. कळतंय मला. सव्वीस वर्षं बाग सांभाळली त्यांनी, तुमचं राहतं घरही तिथलंच… नाही, ताई. कोर्टातला अर्ज मागे घेणार नाही. तुझा राग नाही, पण नाही. मलाही गाठलं त्या कारभाऱ्याने, कोर्टाच्या व्हरांड्यात. बाजारात मोठं दुकान देतो म्हणाला, फक्त मला. मी म्हटलं, बाकीच्या आठांचं काय? पाठ फिरवून निघून गेला… अगं, आमच्या शिंपीणबाई सत्तरीच्या आहेत, त्यांनी मशीन घेऊन जायचं कुठे?

हे बघ, वेळ आली तर माझ्याकडे या. वरच्या खोलीतले गठ्ठे हलवते, राहू दाटीवाटीने… भावोजींना दे फोन. दे गं.

भावोजी, माझ्यामुळे तुमच्यावर… नाही, माझ्यामुळेच… काय?… पुन्हा सांगा. दर मंगळवारी फळांचे दोन ट्रक? इस्पितळाला नाही, बाजारात?… आणि पावत्यांवर सही तुमची. किती वर्षांच्या आहेत जवळ?…

भावोजी, थांबा. हे सोमवारी कोर्टात उभं राहून सांगितलंत, तर नोकरी त्याच दिवशी जाईल. घरही. घाईत ठरवू नका, ताईला विचारा आधी… उठून गेली? कुठे?…

भांडी काढतेय?… बांधायला?

…बरं.

तिला सांगा, काचेचं सामान एकटीने उचलू नकोस म्हणावं. समोरच्याची हातगाडी घेते आणि येतेच… हो, आत्ताच. ठेवते.