पायाळू अण्णांची साक्ष

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मागच्यांनो, पुढे सरका, जागा आहे. बुक्का सगळ्यांना लागला? मग आता मला एक सांगा. ज्या माणसाने आपल्याला बरं केलं, त्यालाच उलट प्रश्न विचारावा का? आणि विचारला, तर आपण त्याचे उपकार विसरलो, असं होतं का?

एकमेकांकडे बघताय. असू दे. उत्तर मीही लगेच देणार नाही. आधी गोष्ट ऐका.

एका बाजाराच्या गावात सोपानअण्णा नावाचे गृहस्थ राहत. अण्णा पायाळू. म्हणजे जन्मताना बाळाचं डोकं आधी येतं, यांचे पाय आधी आले. आपल्याकडे पायाळू माणसाचा मान केवढा! कुणाच्या पाठीत उसण भरली, की निघाला अण्णांकडे. पालथं पडायचं, अण्णांनी पाठीला पाय लावायचा, आणि तीन दिवसांत कण्हत आलेला माणूस ताठ चालायला लागायचा. हसताय कशाला? तुमच्यातले निम्मे कुणा ना कुणा पायाळूची लाथ खाऊन आलेत. त्या खांबापाशी बसलेल्या आजी तर मान डोलावताहेत.

तर एकदा काय झालं, अण्णांची स्वतःचीच कंबर धरली. आता पायाळूला लाथ कोण मारणार? मुलाने त्यांना जिल्ह्याच्या गावी नेलं, एका कायरोप्रॅक्टरकडे. नाव अवघड आहे, काम सोपं करून सांगते. मणक्यांना हाताने झटका द्यायचा, कट्‌कन आवाज येतो, आणि दुखणं गेलं म्हणतात. मोबाईलवर पाहिलं असेल तुम्ही. तीन खेपांत अण्णांना आराम पडला. खोटं कशाला बोलू? कंबरेच्या साध्या दुखण्यात काहींना यानं थोडा आराम पडतो, हे अभ्यास करणारेही मानतात. अण्णांना मात्र तो माणूस देवच वाटायला लागला.

आणि मग घरात सई जन्मली. अण्णांची सून रेवती, तिची ही पहिली मुलगी. दीड महिन्याची झाली तरी सईची मान एकाच बाजूला कललेली. एका अंगाला गुटुगुटु प्यायची, दुसऱ्या अंगाला घेतलं की रडून रडून लाल व्हायची. रेवती तिला खांद्याशी धरून, तिच्या कानामागच्या मऊ जावळाला गाल लावून नुसती बसून राहायची.

एका सकाळी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या हौसामावशी तेल लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "पोरी, इथं बोट लाव. मानेत वाटाण्याएवढं काही लागतंय."

"काय असेल मावशी?"

"ते मला कळत नाही. आणि जिथं कळत नाही तिथं मी चोळत नाही."

मंडळी, हे वाक्य गाठीशी बांधून ठेवा. पुढे लागणार आहे.

रेवती म्हणाली, "अण्णा, बाळांच्या डॉक्टरांना दाखवू या."

अण्णा म्हणाले, "ते नुसते कागद लिहून देतील. माझी कंबर ज्यांनी सरळ केली ते हिची मान दोन मिनिटांत सरळ करतील. का, माझ्या शब्दावर भरवसा नाही तुझा?"

आता सासऱ्यांना सून काय बोलणार? गेली सईला घेऊन, अण्णांबरोबर त्या कायरोप्रॅक्टरकडे.

उंच टेबल. त्यावर सई. त्या गृहस्थांचा तळहात तिच्या मानेखाली गेला. त्या हातात ती मान केवढीशी दिसली असेल? ते म्हणाले, "जन्मताना मणका सरकलाय. हलकासा झटका, बास."

"थांबा," रेवती म्हणाली, आणि तिनं आपला हात सईच्या छातीवर ठेवला. "मणका सरकलाय, हे कशावरून?"

"ताई, माझ्या हातांना कळतं."

"मग मानेत गाठ आहे, ती कळली का?"

"कुठली गाठ?"

बघा मंडळी, हात अजून मानेखालीच आहे.

रेवतीनं पुन्हा विचारलं, "एवढ्या लहान बाळांवर हे करायला कुठे शिकलात?"

ते जरा दुखावले. "ताई, किती माणसं बरी केलीत मी. हे तुमचे सासरे उभे आहेत. त्यांनाच विचारा."

दोघंही अण्णांकडे बघायला लागले. अण्णा एक शब्द बोलले असते, 'करा' म्हणाले असते, तर झटका बसला असता. सून एकटी पडली असती.

अण्णांनी सईकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"रेवती, पोरीला उचल," अण्णा म्हणाले. "डॉक्टर, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण मी पायाळू आहे. चाळीस वर्षं लोकांच्या पाठीला पाय लावतोय. तीन दिवस ओळीनं यायला सांगतो. का? तर तीन-चार दिवसांत उसण बहुतेक वेळा आपली आपणच जाते, हे मला कधीचंच ठाऊक आहे. बरे झालेले नारळ घेऊन येतात. बरे न झालेले परत येतच नाहीत. त्यांना मी कधी मोजलं नाही. तुम्ही मोजलंत?"

त्या माणसानं हळूच हात काढून घेतला. वाईट नव्हता तो. खाली बघत म्हणाला, "नाही. आणि तान्ह्या बाळांचं मी शिकलेलो नाही. मोठ्यांचं शिकलोय." आठवलं ना हौसामावशींचं वाक्य, जिथं कळत नाही तिथं चोळत नाही?

पुढे बाळांच्या डॉक्टरांनी तपासलं. मानेच्या स्नायूत गाठ होती, तिनं मान ओढली जात होती; मणका जागच्या जागी होता. त्यांनी रोजचे हलके व्यायाम शिकवले, कूस बदलून निजवायला सांगितलं. सहाव्या महिन्यात सई दोन्हीकडे वळून बघायला लागली.

त्या दिवशी झटका दिला असता तर? कदाचित काहीच झालं नसतं. पण नुसत्या 'कदाचित'वर आपल्या लेकराची मान ठेवाल तुम्ही?

तर उत्तर मिळालं ना? उपकार मनात ठेवावेत, आणि प्रश्न तोंडावर विचारावा. हे तुम्हाला कशावरून कळलं? हे कुठे शिकलात? चुकलं तर काय होईल? चांगला असेल तो सांगेल. नसेल तो चिडेल.

अण्णा हल्ली पाय लावायच्या आधी विचारतात, पायाला बधिरपणा आहे का, लघवीला अडतं का? माणूस 'हो' म्हणाला, की नस दबली असेल म्हणून त्याला तसाच दवाखान्यात पाठवतात.

आणि तुम्ही? घरी जाऊन 'मला गुण आला, तूही जा' असं शेजारणीला सांगाल. सांगा. पण ज्यांना गुण आला नाही ते कुठे गेले, हेही विचारून ठेवा. मलासुद्धा सोडू नका. माझं कीर्तन ऐकून घर सुधारलं म्हणणारे दर वेळी येऊन पाया पडतात. ज्यांचं काहीच सुधारलं नाही, ते मागच्या दारानं निघून जातात. आज त्यांनी पुढच्या दारानं यावं. मला त्यांना मोजायचं आहे.