अठ्ठेचाळीसच्या आत

समरा: बास झाल्या दोरीवरच्या उड्या. सर, थांबवा तिला.

मल्लिनाथ: ताई, तुमी जरा बाहीर बसा की. तासाभरात वजन हाय. आजून चारशे ग्रॅम उतरलं की पोरगी अठ्ठेचाळीस किलोच्या आत.

समरा: एप्रिलमध्ये, सोलापुरात, अंगावर दोन स्वेटर?

मल्लिनाथ: त्येच्याबिगर घाम कसा निघणार? आमी रेल्वेकडनं बॉक्सिंग खेळायचो, तवा कुर्डुवाडीला घोंगडी पांघरून पळायचो. लोक म्हणायचे, थंडी वाजून आलीया बिचाऱ्याला.

इफ्रा: अम्मी, जा ना तू. सगळ्या मुली बघतायत.

समरा: बघू देत. तोंडात काय आहे तुझ्या?

इफ्रा: कुठं काय.

समरा: इफ्रा.

इफ्रा: चिंच.

समरा: माझ्या डब्यातली? आणि मी काल शेजारणीकडे मागायला गेले. चिंच कशाला पण?

मल्लिनाथ: चघळली की तोंडाला पाणी सुटतं. ते थुकायचं. तेवढंच वजन कमी हुतं. म्याच सांगितलंय, तिला बोलू नका.

समरा: बोलत नाही. विचारतेय. पाणी कधी प्यायलीस?

इफ्रा: प्यायले की.

समरा: कधी?

इफ्रा: काल. दुपारी.

मल्लिनाथ: काल? आन् म्या काय सांगितलं हुतं? घोट घोट घेत ऱ्हा म्हणून?

इफ्रा: घोट घेतला की काटा वर जातो, सर.

समरा: सर, तिच्या कपाळाला हात लावून बघा. मी मघापासून तेच बघतेय. एवढ्या उड्या मारल्या तिनं, आणि घामच नाही. मघाशी होता. आता कोरडी आहे.

मल्लिनाथ: हिकडं ये गं. आसं. दोरी टाक खाली. स्वेटर काढ, दोनी.

इफ्रा: चारशेच राहिलंय, सर.

मल्लिनाथ: काढ म्हणलं न्हवं.

(मल्लिनाथ बाटली उघडून इफ्रापुढे धरतात. ती हात पाठीमागे घेते.)

इफ्रा: हे प्यायले की मी अठ्ठेचाळीसमधून बाहेर.

समरा: मग वरच्या गटात खेळ. नाव तिकडे घालता येतं ना, सर?

मल्लिनाथ: वजन होईपातूर येतं. पन पन्नासात आमची उत्कर्षा हाय, ताई. येका गटातनं येकच पोरगी राज्याला जाणार.

समरा: म्हणजे मैत्रिणीशीच खेळायचं. म्हणून नको म्हणतेस?

इफ्रा: मैत्रिणीचं काही नाही, अम्मी. ती मला हरवते. रोज. विचार सरांना.

समरा: खरं, सर?

मल्लिनाथ: रोज म्हंजे... हात लांब हायती तिचं.

इफ्रा: रोज. अठ्ठेचाळीसमध्ये मला कुणी अडवणारं नाही. पन्नासमध्ये सगळं आजच संपलं. वर्षभर पहाटे उठले, ते काय सगळ्यांसमोर तिच्याकडून मार खायला?

समरा: मला तू हरलेली चालशील.

इफ्रा: तुला चालेन गं. मला नाही ना चालणार.

मल्लिनाथ: इफ्रा, हिकडं बघ. घाम थांबलेली पोरगी म्या रिंगमंदी सोडणार न्हाय. वजनात बसलीस तरी न्हाय. पानी पी, न्हायतर आईसंगं घरी जा.

इफ्रा: घरी नाही जाणार.

मल्लिनाथ: मग पी. गटागटा न्हाय. हळू.

समरा: आणखी एक घोट. डॉक्टर आहेत का इथं?

मल्लिनाथ: वजनाच्या टेबलापाशी हायती. आदी त्येंना दावू. ते व्हय म्हणले तरच नाव पन्नासात घालू.

इफ्रा: म्हणतील. ठीक आहे मी. आणि उत्कर्षाला तुम्ही काही सांगू नका, सर. मी सांगते. हसेल ती.

मल्लिनाथ: हसू दे. आज उजव्या हातानं लौकर मारू नगं, तिला त्येची सवय झालीया.

इफ्रा: हे तिलापण सांगाल ना माझ्याबद्दल? कुणाच्या कोपऱ्यात उभे राहणार तुम्ही?

मल्लिनाथ: कुणाच्याच न्हाय. दोगीबी माज्याच. तुमच्यापाशी दुसरं कुणीतरी उभं ऱ्हाईल. म्या वर पायरीवर बसतो, तुज्या आईच्या शेजारी.

समरा: बसा, सर. पण तिथून काही करता येत नाही. नुसतं बघावं लागतं.