उष्टावण आणि हिरवी साडी

आमच्या नातवाचं उष्टावण कसं झालं, ते ऐका. पोर सहा महिन्यांचं झालं. डॉक्टर म्हणाले, आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. पण पहिला घास मामानं भरवायचा, ही आमच्या घरची रीत. मामा फौजेत, त्याची सुट्टी सारखी पुढं जायची. पोर माझ्या ताटाकडं बघून हात नाचवायचं. मला घास उतरेना. अर्ध्या जेवणातून उठून सोप्यात येरझाऱ्या घालायचो.

शेवटी मामानं व्हिडिओ कॉल लावला. "भाचं, आ कर!" म्हणत तिकडून चमचा पुढं केला. पोरानं आ केला. काहीच मिळेना, तसं ते मोबाईल चाटायला लागलं आणि मग जे रडलं!

माझा धीर सुटला. पोराला मांडीवर घेतलं, शांत केलं आणि मऊ भात बोटानं भरवला.

बायको म्हणाली, "आवं, सोताच्या पोरांना कवा भरवलं न्हाई, आन् आज मामाचा मान घेतलासा! आता मामाचा आहेर बी तुमीच करा."

मोबाईलमधून मामा ओरडला, "व्हय आबा, ताईला साडी लागती!"

सून हळूच म्हणाली, "हिरवी."

दुसऱ्या दिवशी रहिमतपूरला जाऊन आणली. हिरवीच.