खालून हाक मारायची नाही

— नाही नाही, तुम्ही फोन पूर्ण करा ना, मला घाई नाही... झाला? मग बसतो जरा. पण एक विनंती आहे, वर असं बोट दाखवून बघू नका. म्हणजे बघा, तुमची सोसायटी आहे, तुम्हाला कोण अडवणार — पण हाक बिल्कुल मारायची नाही. उंचावर कोणी काम करत असलं ना, की खालून हाक मारायची नाही, असा नियम आहे. माणूस दचकतो. दचकला की खाली बघतो, आणि खाली बघितलं की संपलं. मी मघापासून तिकडे कडुनिंबाखाली उभा होतो, तुम्ही आईशी मराठीत बोलताना ऐकलं म्हणून या बाकावर आलो. दिल्लीतल्या या द्वारकेत कानावर मराठी पडलं की पाय आपोआप वळतात. पुण्याचे ना? वाटलंच. मी कर्णिक, पहाडगंजचा, दोन पिढ्या झाल्या आम्हाला दिल्लीत. इथे? इथे कोणी नाही हो ओळखीचं. असंच आलो. ऊन फार, गार्डला दया आली, म्हणाला अंकलजी, पार्क में बैठ जाइए, पर ऊपर नहीं जाने दूँगा.

आता बघितलंतच ना. ती नवव्या मजल्यावर, छज्ज्यावर उभी आहे ती मुलगी — एसीचा बाहेरचा डबा असतो ना, आउटडोअर म्हणतात, त्याचा गॅस गळतोय. कोण कुणाची पोरगी, या उन्हात, वीतभर छज्ज्यावर. मला काय करायचंय म्हणा. पण बघवत नाही. आणि नजर काढवतही नाही, कारण नजर काढली आणि तेवढ्यात काही झालं तर? आता बघा, पाना डाव्या हातात घेतला तिनं, डावखुरी आहे, म्हणजे उजव्या हातानं भिंत धरावी लागते, आणि उजवा हात तिचा जरा कमजोर आहे, लहानपणी घसरगुंडीवरून — काय? मला कसं माहीत? दिसतं ना. इथून. चष्मा नवीन आहे माझा...

बरं. खोटं कशाला बोलू तुमच्याशी. मुलगी आहे ती माझी. अश्लेषा. मी रोज नाही येत हो मागे मागे. म्हणजे येतो कधी कधी. ती आईला लोकेशन पाठवते, आमच्या सुनेत्राला, आणि मी सुनेत्राच्या फोनमध्ये बघतो आणि मेट्रोत बसतो. तिला ठाऊक नाही. पुण्याला माझ्या बहिणीला तर हेही ठाऊक नाही की ती एसी दुरुस्त करते — आम्ही सांगितलंय, कूलिंगमध्ये आहे, डिझाइन वगैरे. कर्णिकांची मुलगी पाना घेऊन लोकांच्या घरी जाते म्हटल्यावर काय काय ऐकावं लागेल, कल्पना आहे ना तुम्हाला? पण तिला आवडतं हो. कॉलेज सोडलं तिनं यासाठी. बंद मशीन सुरू झालं की तिचा चेहरा बघावा. मी भांडलो, मग थकलो, मग म्हटलं चलो, कर.

कोर्स केला तिनं, बिल्कुल रीतसर. सरकारी योजनेतला, तीन महिन्यांचा. केंद्र कुठे, तर एका मार्केटच्या तळघरात. बघा हं, उंचीवरचं काम शिकवायचं आणि वर्ग तळघरात. आउटडोअर टेबलावर मांडलेलं, पोरं त्याच्याभोवती चहाला जमावं तशी उभी. हजेरी अंगठ्यानं, सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का, सगळं यथासांग. आणि उंचीचा धडा? एक दुपार. भिंतीवर स्लाइड — कमरेचा सेफ्टीचा पट्टा असा घाला, असा तपासा, खराब असेल तर घालू नका. मग खरा पट्टा, अख्ख्या बॅचला मिळून एक, प्रत्येकानं घालायचा, फोटो काढायचा, पुढच्याला द्यायचा. मी घरी इतका हसलो त्या स्लाइडला! म्हटलं, पोहायला शिकवताय आणि नदी भिंतीवर. ती हसली नाही. केंद्राला विचारलं तर म्हणतात, कंपन्या शिकाऊ मुलांना साइटवर घेत नाहीत, विमा कोण काढणार. कंपनीला विचारलं तर म्हणतात, केंद्रातून पोरं कच्ची येतात. दोघांचंही खरं आहे यार, आणि मधल्या मध्ये माझी पोरगी नवव्या मजल्यावर.

कंपनीनं पट्टा दिला, नाही असं नाही. पण तो पुरुषाच्या मापाचा. ती एवढीशी — शेवटच्या भोकात अडकवला तरी कमरेवरून घसरतो. मी रविवारी बघितलं, ती आरशासमोर घालून बघत होती आणि एका हातानं धरून ठेवत होती. धरून ठेवायचा पट्टा काय कामाचा? ती झोपली दुपारची, तसा मी उचलला आणि स्टेशनसमोरच्या मोच्याकडे नेला. म्हटलं, दोन भोकं जास्त पाड. त्यानं आरीनं पाडली, छान, एका ओळीत. घरी आणला, तिला घालून दाखव म्हटलं, तर म्हणाली, बाबा, मस्त बसतोय. माझ्या गळ्यात पडली. मुलीसाठी काहीतरी केलं, असं वाटून मी त्या रात्री किती छान झोपलो, काय सांगू तुम्हाला.

आणि आज जेवण झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघत बसलो — मी हल्ली तिच्याच कामाचे व्हिडिओ बघतो, समजावं म्हणून. एक हेल्मेटवाला पट्टे दाखवत होता. एकाला त्यानं मुद्दाम भोक पाडलं. त्याला वाळूचं पोतं बांधलं आणि सोडलं. पट्टा फाटला. त्या भोकापासूनच फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. पोतं खाली आलं, फुटलं, आणि तो माणूस हसून म्हणाला, देखा आपने? तिथून जो निघालो. चपला कुठल्या घातल्यात तेही आत्ता बघतोय. फोन ती घेत नाही, कामाच्या वेळी बॅगेत ठेवते. गार्डनं फ्लॅटला इंटरकॉम केला, कोणी उचलत नाही. गार्डकडून फ्लॅटच्या मालकाचा नंबर घेऊन लावला, तर तो सारखा एंगेज. ओरडू तर शकत नाही. मला फार भीती वाटतेय हो. ती आता मागे रेलेल, गॅस भरताना रेलावं लागतं, सगळा भार कमरेवर येतो, आणि ती भोकं मी पाडून आणलीत —

काय? नऊशे दोन? तो फ्लॅट तुमचा?

म्हणजे एंगेज लागत होता तो तुमचा फोन. नाही, नाही, आईशी बोलत होतात, त्यात तुमचं काय चुकलं. घरात गरम होतं म्हणून खाली आलात, अच्छा. मग उठा ना, देवासारखे भेटलात, उठा, वर चला, आणि तिला म्हणा तो पट्टा — काय म्हणताय? हळू बोला. सोफ्यावर? पट्टा सोफ्यावर पडलाय?

तिनं काढून ठेवला? काय म्हणाली ती? भोक पाडलेला पट्टा चालत नाही, असं शिकवलंय, म्हणाली. कोर्समध्ये शिकवलंय. त्या स्लाइडवर. आणि कंपनी दुसरा देत नाही, तर तुमच्याकडे दोरी आहे का... मग सोमवारपासून? म्हणजे सोमवारपासून सगळ्या घरी ती अशीच — आणि मला म्हणाली, बाबा, मस्त बसतोय. सैल का होईना, होता ना तिच्याकडे पट्टा. रविवारपर्यंत होता.

मग तिच्या कमरेला ते निळं काय आहे? कपडे वाळत घालायची दोरी. नायलॉनची. नाही हो, तुम्ही घरात होती ती दिलीत, तुम्ही तरी काय करणार. दुसरं टोक कशाला बांधलंय? कशालाच नाही. चिरागच्या हातात आहे. चिराग म्हणजे तिच्याबरोबर असतो तो, अंगानं किरकोळ आहे हो तो. आणि त्याला फोन आला तर? घाम पुसायला त्यानं हात सोडला तर?

ऐका, तुम्ही वर जा. लिफ्टनं जा. दारातून ओरडू नका, चालत आत जा. आधी चिरागला सांगा, दोरी पलंगाला बांध, नाहीतर तुम्हीही धरा, दोघं धरा. मग खिडकीशी जाऊन हळू आवाजात तिला म्हणा, आत ये, काम राहू दे आज. बाबा आलेत असं मात्र म्हणू नका, ती खाली बघेल. पट्ट्याचंही मला कळलंय म्हणू नका. नाही, मी नाही येत वर. मी तिथे भिंतीपाशी उभा राहतो, बरोबर तिच्या खाली. माहितीये हो मला, नववा मजला आहे. तरी खाली कोणीतरी पाहिजे ना. जा तुम्ही.