काकूंच्या चित्राला हार

जित्या माणसाच्या चित्राला हार घालणारे विद्वान तुम्ही पाहिले नसतील, मी पाहिलेत. नवं मराठी राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी कॉलेज सोडून पिंपळगाव राजात रिकामा फिरत होतो. गावच्या मोठ्या लेखकाची पहिली पुण्यतिथी वाचनालयात होती. लेखक होते तोवर आमचे गुरुजी त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, कजाग म्हणायचे. आता त्याच गुरुजींनी चित्र काढवून घेतलं: नवरा लिहितोय, बायको कंदील धरून उभी. हार मात्र दोघांनाही घातला! आणि काकूंना घरून आणायला मला पाठवलं.

वाटभर मी पावसापाण्याचंच बोलत राहिलो. हाराचं सांगायला जीभ रेटेना. वाचनालयाच्या दारातच काकू थबकल्या.

“हे बाई कोन होय बे?”

“तुम्हीच, काकू.”

“मंग हार काऊन? मी मेली काय?”

गुरुजी धावत आले. “वहिनी, लोक बसलेत. आज काही बोलू नका.”

“ते लिवायले बसले का मी रोज घोरत पडो, गुरुजी. दिवसभर वावरात निंदून आल्यावर कंदील कोन धरते?”

काकूंनी स्वतःवरचा हार काढला, गुरुजींच्या गळ्यात घातला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

पुढच्या वर्षी गुरुजी भाषणात गहिवरले, “गेल्या वर्षी या माऊलीनं स्वतःचा हार काढून पतीच्या चरणी वाहिला!” टाळ्या थांबेनात.

शेजारी बसलेल्या काकू माझ्या कानाशी आल्या. “पुढच्या साली मले आनू नको बे. त्या चित्रातलीलेच खुर्चीवर बसव.”